मालनच्या हाताचं धनुष्य

धाकू मेस्त्रीकडे कुणी धनुष्य करून मागायला गेलं, की बांबूचं नाव काढायच्या आधी तो म्हणायचा, ‘हात दाखव.’ मग समोर कुणी का असेना. मुलुंडच्या मैदानावर तिरंदाजी शिकवणारे नंदकुमार सर पहिल्यांदा घाटकोपरला भटवाडीत आले, तेव्हा त्यांनाही त्याने चाळीच्या गॅलरीत स्टुलावर बसवलं आणि दोन्ही हात पुढे करायला लावले. सरांना वाटलं, मेस्त्री भविष्य सांगतो की काय. धाकूने एकेक बोट चिमटीत धरलं, पेर न् पेर दाबून पाहिलं, तळव्यावरचे घट्टे चाचपले आणि म्हणाला, ‘मधल्या बोटाक जोर आसा. अंगठ्याशेजारचा आळशी. बाण डावीकडे जाता ना तुमचो?’ बाण खरंच डावीकडे जात होता.

लोकांना वाटतं धनुष्य म्हणजे काय, एक वाकवलेली काठी आणि एक दोरी. तसं असतं तर दसऱ्याला जत्रेत मिळतात ती काय वाईट. धनुष्याला मूठ असते, मुठीच्या वर एक पात आणि खाली एक पात. दोरी ओढताना कुणी एक बोट बाणाच्या वर ठेवतं आणि दोन खाली. कुणी सगळीच बोटं बाणाच्या खाली ठेवतं. त्याचा हात दोरीवर बोटभर खाली पडतो. फरक बोटभराचाच, पण तेवढ्याने सगळा भार खालच्या पातीवर येतो, ती जास्त वाकते आणि बाण वेडावाकडा सुटतो. मग वरची पात आतल्या अंगाने काचेच्या तुकड्याने घासायची आणि थोडी मऊ करायची. दोन्ही पाती पुन्हा जुळ्या बहिणींसारख्या वाकायला लागल्या की काम झालं. खालचीच मऊ झाली असेल तर तिला घट्ट करायला देवही येत नाही.

हे सगळं धाकूला त्याच्या मामाने शिकवलं होतं. कुडाळकडे भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी मामा धनुष्यं करायचा. त्याचा एकच मंत्र होता: ‘घासलेला परत चिकटणा नाय. म्हणान आधी हात बघूचो, मगे काच धरूची.’ गावातल्या पोरांना या मंत्राचा कंटाळा यायचा. धाकूला मात्र तो असा काही मुरला, की पन्नाशी उलटली तरी त्याने हात धरल्याशिवाय कुणाच्या धनुष्याला काच लावली नाही.

मालन त्याची एकुलती एक. ती सतरा वर्षांची असताना त्याने तिच्यासाठी धनुष्य केलं, ते त्याच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम. मामाने गावाहून माणग्याची काठी पाठवली होती. माणगा म्हणजे आमच्याकडचा भरीव बांबू, नुसता वाजवला तरी खणखणतो. ती काठी त्याने दोन वर्षं पोटमाळ्यावर सुकवली. मग एका रविवारी मालनला समोर बसवून तिची बोटं इतका वेळ दाबत बसला, की ती म्हणाली, ‘बाबा, पीठ मळताय का?’ तिची तीन बोटं सारख्या जोराची होती, कधी नव्हे ते. तसा हात हजारात एखाद्याचा, असं तो बायकोला, रत्नप्रभाला, दहा वेळा सांगत होता. रत्नप्रभा म्हणाली, ‘हात माझ्यावर गेलोहा तिचो.’ त्यावरही तो हसला. मुलुंडच्या मैदानावर मालन पन्नास मीटरवरून बाण मारायची आणि धाकू कुंपणाशी उभा राहून बाणाकडे न बघता धनुष्याच्या पाती कशा वाकतात तेवढंच बघायचा. ती दोन वर्षं त्या घराची झकास गेली.

मग ब्याऐंशी सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. धाकू परळच्या एका गिरणीत सव्वीस वर्षं सुतारखात्यात होता. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता वर्ष गेलं आणि धाकूच्या हातातला रंधा चाळीतल्या मोऱ्यांचे दरवाजे तासण्यापुरता उरला. तेव्हा साकीनाक्याजवळच्या एका गाळ्यात डब्यांची झाकणं ठोकायच्या प्रेसवर मुली हव्यात, असं त्याला कुणीतरी सांगितलं. रत्नप्रभा नको म्हणत होती. धाकू म्हणाला, ‘बसून करूचा काम. हाताक हलक्या.’ मालनला पहिल्या दिवशी गाळ्यापर्यंत पोहोचवायलाही तोच गेला. त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये तो प्रेस तिच्या उजव्या हातावर आला. अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून गेलं. मधलं आणि त्याच्या शेजारचं चेंगरलं, ते डॉक्टरांनी शिवून वाचवलं. करंगळीला मात्र खरचटलंसुद्धा नव्हतं.

‘हाताक हलक्या’ हे शब्द धाकूच्या डोक्यातून गेले नाहीत. रत्नप्रभाने ते एकदाही बोलून दाखवले नाहीत, म्हणून तर ते जास्तच टोचायचे. हॉस्पिटलात तो दारापाशी उभा राहायचा. पट्टी बदलायची वेळ झाली की चहाच्या निमित्ताने खाली जायचा. पट्टी सुटली, मालन घरी आली, तरी तिच्या उजव्या बाजूला जेवायला बसणं त्याने सोडलं. तिचा हात त्याने लांबून पाहिला, कितीतरी वेळा पाहिला, पण धरला म्हणून नाही. ज्या माणसाने मुलुंड ते कुर्ल्यापर्यंत परक्यांचे हात चाचपले, त्याची स्वतःच्या मुलीच्या हाताला शिवायची हिंमत होत नव्हती. लाज वाटायची त्याला, दुसरं काय.

मालन तशी रडारड करणारी नव्हती. दोन महिन्यांत ती डाव्या हाताने लिहायला शिकली आणि वाडीतल्या बालवाडीत दुपारी मदतीला जाऊ लागली. धनुष्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. पण देवाच्या फळीशेजारी खिळ्याला टांगलेलं धनुष्य दर महिन्याला खाली काढायची, फडक्याने पुसायची, तेलाचा हात फिरवायची आणि परत टांगायची. धाकू हे पेपराच्या आडून बघायचा. बोलत नाही पण मनातून गेलेलं नाही, असं त्याने आपलं ठरवून टाकलं. माणसाला जे हवं असतं तेच दिसतं, आणि धाकूला तर त्या आठ महिन्यांत दुसरं काही दिसतच नव्हतं. मालनने पुन्हा धनुष्य ओढावं, एवढं एकच त्याला हवं होतं. तसं झालं तर साकीनाक्याच्या गाळ्यापर्यंत तो जे चालत गेला होता, ते थोडं तरी पुसलं जाईल असं त्याला वाटायचं.

एप्रिलमध्ये एके सकाळी तो गॅलरीत दात घासत उभा असताना मालन नळावरून बादली घेऊन वर येत होती. डाव्या हातात कळशी आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत काठोकाठ भरलेली बादली. मधलं आणि त्याच्या शेजारचं. बादली जराही हिंदकळत नव्हती. नजर खाली ठेवून ती एकेक पायरी चढली. पायऱ्यांकडे बघतेय, असं धाकूला वाटलं. ती बादलीच्या कडीकडे बघत होती, हे त्याला कळायला अजून पंधरा दिवस जायचे होते. त्याच्या डोक्यात लगेच हिशेब सुरू झाला. दोन बोटं शाबूत आहेत, जोर आहे. बाणाच्या वर ठेवायचं बोट गेलं, तर दोन्ही बोटं बाणाच्या खाली ठेवायची. हात बोटभर खाली येईल. म्हणजे वरची पात घासायची. एवढंच तर काम, आणि जगात ते त्याच्याइतकं चांगलं कुणाला येत होतं?

दुसऱ्या दिवशी मालन बालवाडीत गेल्यावर त्याने धनुष्य खाली काढलं. गॅलरीच्या कठड्याला ते आडवं बांधलं, दोरी चढवली आणि आपल्या उजव्या हाताचं पहिलं बोट तळव्यात दुमडून उरलेल्या दोन बोटांनी दोरी खाली ओढून पाहिली. खालची पात जास्त वाकली, वरची ताठच्या ताठ. त्याच्या अंदाजाप्रमाणेच. मग त्याने दोरी उतरवली आणि फुटक्या आरशाचा तुकडा घेऊन वरच्या पातीच्या पोटाकडून घासायला बसला. पिवळट भुकटी त्याच्या लुंगीवर पडत होती. थोडं घासायचं, दोरी चढवायची, बोट दुमडून ओढायचं, दोन पावलं मागे सरून डोळा बारीक करून बघायचं, पुन्हा घासायचं. मालन यायच्या आत भुकटी झाडून धनुष्य खिळ्यावर. अशा अकरा दुपारी गेल्या. त्या दुमडलेल्या बोटाला रग लागायची, तेव्हा त्याला बरं वाटायचं.

रत्नप्रभाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. केरात बांबूची भुकटी काय आकाशातून पडते? पाच-सहा दिवसांनी एकदा भाताचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, ‘तिका विचारलात?’

‘आधी होऊंदे. मगे दाखवतलंय.’

‘काच लावच्या आधी हात तरी बघूचो होतो तिचो.’

‘तिचो हात माका ठाऊक आसा. जन्मापासून बघतंय.’

पदराने कपाळ पुसून रत्नप्रभा पुन्हा चुलीकडे वळली. धाकूला वाटलं, बायको उगाच खोडा घालते. तिला मालनने न सांगण्याची शपथ घातली होती, हे त्या बापड्याला काय माहीत. त्याच आठवड्यात मालनच्या करंगळीशेजारच्या बोटावर टपोरा फोड आला होता. ‘ह्या काय?’ धाकूने लांबूनच विचारलं. ‘तवा लागला.’ ‘लक्ष खंय असता तुझा?’ असं म्हणून तो वर तिच्यावरच खेकसला. तवा लागल्यावर माणूस हात झटकतो, ओरडतो. भाकरी भाजून होईपर्यंत तव्याला बोट लावून कुणी उभं राहत नाही, एवढा साधा विचार त्याच्या मनात आला नाही.

धनुष्य तयार झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी दहा वाजता उत्तरा आली. उत्तरा मुलुंडची, वडील बँकेत, घरात टेलिफोन. पण मैदानावर मालन आणि ती तीन वर्षं एकाच लक्ष्यावर बाण मारत आलेल्या, त्यामुळे भटवाडीच्या चाळीत तिला आपल्या घरासारखं होतं. आल्या आल्या ती दारातच बसली.

‘वाट लागली माझी,’ ती म्हणाली. ‘धनुष्य तडकलं गं. पेरातच. आणि पुढच्या रविवारी पुण्याला राज्याची निवड आहे.’

धाकूने तिचं धनुष्य करून दिलं होतं. ते हातात घेऊन त्याने तडा पाहिला आणि मान हलवली. त्यात आता जीव नव्हता. नवं करायचं तर सुकलेली काठी हवी, ती त्याच्याकडे नव्हती.

मालन आतून चहाचा कप घेऊन आली. ‘मग माझं घेऊन जा.’

‘वेडी आहेस का?’

‘मी कशाला वेडी? तिथे टांगून टांगून काय अंडी घालणार आहे ते? तुझी-माझी बोटं सारखी, पकड तीच. दोन दिवसांत हातात बसेल.’

‘ता द्यायचा नाय,’ धाकू म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. मालन शांतपणे म्हणाली, ‘बाबा, धनुष्य माझं आहे.’ आणि तिने ते खिळ्यावरून काढलं, पायात अडकवून डाव्या हाताने दोरी चढवली आणि उत्तराच्या हातात दिलं. उत्तरा गॅलरीत गेली. एक बोट वर, दोन खाली, नेहमीच्या सवयीने तिने दोरी गालापर्यंत ओढली. वरची पात ओल्या फांदीसारखी मागे आली आणि खालची तशीच ताठ राहिली. उत्तराने दोरी हळूच परत सोडली. पोर गुणी. तोंड वाकडं न करता म्हणाली, ‘काका, वर जरा जास्त वाकतंय का हो?’

मालनने धनुष्य उलटं करून पाहिलं. वरच्या पातीच्या पोटाकडे, जिथे चार वर्षांच्या तेलाने बांबू चिंचोक्यासारखा तांबूस झाला होता, तिथे आता वीतभर पट्टा कोराकरकरीत पिवळा होता. ती त्याच्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवत राहिली.

‘कुणासाठी केलंत?’

‘तुझ्यासाठी,’ धाकू म्हणाला. मग अकरा दुपारींचं सगळं त्याने भडाभडा सांगितलं. बादली, दोन बोटं, खाली सरकलेला हात. सांगताना त्याच्या चेहऱ्यावर थोडी घमेंडही होती, काम साधलेल्या कारागिराची. सांगून झाल्यावर मात्र उत्तराचा चेहरा पाहिला आणि तो वरमला. आता खालची पात घासून दोन्ही सारख्या करता आल्या असत्या, पण मग धनुष्य इतकं नरम झालं असतं की बाण पन्नास मीटरच्या अलीकडेच नांगी टाकता. घासलेलं परत चिकटत नाही. मामाचा मंत्र त्याने स्वतःच्या घरात मोडला होता.

‘असू दे काका,’ उत्तरा म्हणाली. ‘मैदानावर सरांचं जुनं आहे एक. त्याच्यावर भागवते.’ त्या जुन्या धनुष्यावर ती पुण्याला गेली आणि तिची निवड झाली नाही, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. त्याबद्दल ती भटवाडीत येऊन कधी चकार शब्द बोलली नाही. आपल्याकडे अशी माणसं असतात आणि त्यांना कुणी पदक देत नाही.

मालनने चपला घातल्या. ‘चला बाबा. मैदानावर जाऊ. तुमचं काम कसं झालंय बघू.’

‘मालन,’ रत्नप्रभा आतून म्हणाली.

‘असू दे गं आई.’

धाकूला त्या दोघींच्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं नाही. त्याला आपली घाई झाली होती. उत्तराही सरांचं जुनं धनुष्य घ्यायला बरोबर निघाली. बसमध्ये तो दोघींच्या पुढच्या बाकावर बसला, धनुष्य उभं धरून, आणि तीनदा मागे वळून बघितलं.

मैदानावर उन्हामुळे कुणी नव्हतं. एका टोकाला गवताच्या पेंढ्यांचं लक्ष्य उभं होतं. उत्तरा सरांचं जुनं धनुष्य आणायला खोलीकडे गेली. मालन तीस मीटरवर उभी राहिली. बोटांवर घालायची तिची चामड्याची पट्टी तीन बोटांची होती, ती आता बसत नव्हती, म्हणून तिने पट्टीशिवायच बाण लावला. दोन बोटं दोरीवर ठेवताना तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, एकेक करून, सुईत दोरा ओवताना बघावं तसं. मग दोरी ओढली.

धाकू सवयीने धनुष्याकडेच बघत होता. वरची पात आणि खालची पात एकदम, सारखी, गोलसर वाकली. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. आठ महिन्यांनी त्याची मुलगी त्याच्यासमोर धनुष्य ओढून उभी होती आणि धनुष्य तिच्या हाताचं झालं होतं. ‘साधला,’ तो स्वतःशीच म्हणाला. बाण सुटला आणि वीस पावलांवर मातीत घुसला.

‘पहिलोच तो,’ धाकू म्हणाला. ‘चलता.’

दुसरा लक्ष्याच्या बाजूने कुंपणाकडे गेला. ‘दोरी सोडताना घाई करतेस. पहिल्यासारखी सोड, अलगद.’

‘सोडली कधी ते...’ मालन म्हणाली आणि थांबली. तिने तिसरा बाण काढला.

तिसरा सुटला तो थेट जाऊन पेंढ्यात बसला. कडेला का होईना, पण बसला. धाकू हसला. आठ महिन्यांत त्याला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तो लगबगीने पुढे आला, धनुष्य घेऊन पुन्हा एकदा पाती बघाव्या म्हणून, आणि त्याला दिसलं की दोरी लाल झाली आहे. मध्यावर, जिथे बोटं ठेवतात तिथे, बोटभर लाल. दोरीवरून एक थेंब ओघळून मालनच्या चपलेवर पडला. मालन लक्ष्यात बसलेल्या बाणाकडे बघत होती.

‘मालन,’ तो म्हणाला. ‘तुझा बोट.’

‘काय?’

‘रगात.’

तिने हात वर आणला आणि उलटा केला. कुठल्या बोटातून येतंय, ते शोधायला तिला बघावं लागलं. मधलं पाहिलं, मग शेजारचं. शिवलेल्या जागेची पातळ कातडी उलली होती आणि रक्त तळव्यात उतरत होतं. ‘हे होय,’ ती म्हणाली, जसं काही दुसऱ्याच कुणाचं बोट.

धाकू बघत राहिला. बादली, पायऱ्या, खाली घातलेली नजर, तव्यावरचा फोड, सगळं एकदम त्याच्यासमोर येऊन उभं राहिलं.

‘दोन्ही बोटांना कळत नाही, बाबा,’ मालन म्हणाली. ‘पहिल्या दिवसापासूनच नाही कळत. वाकतात, उचलतात, पण बघितल्याशिवाय काय धरलंय ते समजत नाही. दोरी आहे की सुटली, तेही नाही.’

‘आवशीक ठाऊक आसा?’

‘हो. तिला मीच नको म्हटलं सांगायला. तुम्ही हाताकडे बघायचात आणि तोंड फिरवायचात. त्यात आणखी हे कुठे सांगू.’

‘आणि ता तेल?’ त्याचा आवाज चिरका झाला. ‘दर म्हयन्याक तेल लावत होतंस.’

‘चांगलं धनुष्य आहे म्हणून. कुणाच्या तरी हातात जावं म्हणून.’ मग ती जरा थांबून म्हणाली, ‘उत्तराच्याच.’

‘मगे आज कित्याक ओढलंस?’

मालनने खांदे उडवले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला तिने डावा हात वर नेला. ‘अकरा दुपारी घासत होतात ना,’ ती म्हणाली.

धाकू तिथेच मैदानाच्या धुळीत बसला. धनुष्य त्याने बाजूला ठेवलं. उत्तराचं राहिलं नाही आणि मालनचंही झालं नाही, असं ते माणग्याचं धनुष्य. मोठ्याने रडावं असं त्याला वाटलं, पण त्याला रडता आलं नाही. त्याने डोक्याचा रुमाल सोडला, फाडून त्याची पट्टी केली आणि मग, इतकी वर्षं परक्यांना म्हणत आला होता तेच, खाली बघत म्हणाला, ‘हात दाखव.’

मालन त्याच्यासमोर बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. त्याने तो धरला. हात गरम होता, रक्ताने चिकट, आणि त्याच्या आठवणीतल्या हातापेक्षा कितीतरी हलका. जिथे बोट नव्हतं त्या जागेवर त्याने आधी अंगठा ठेवला आणि तसाच ठेवून राहिला. मग जखमेवर पट्टी गुंडाळली आणि मधल्या बोटाचं टोक चिमटीत धरून दाबलं.

‘हंय कळता?’

‘नाही.’

‘हंय?’

‘नाही, बाबा.’

एकेक पेर तो दाबत गेला. मधलं बोट संपलं, शेजारचं पट्टीच्या वर आणि खाली दाबून पाहिलं. ती मान हलवत राहिली. तिला फसवता आलं असतं, पण या बाबतीत तिने त्याला आता फसवलं नाही. शेवटी त्याने करंगळी धरली, अगदी हळू, लहान मुलाची धरावी तशी.

‘हंय?’

‘कळतं,’ मालन म्हणाली.

करंगळीने धनुष्य ओढलं जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याने ती सोडली नाही.